गिझरची आंघोळ

भांडी घासण्याच्या बाबतीत आपल्याइतके कडक लोक जगाच्या पाठीवर दुसरे नसतील. ज्या वाटीतून नुसती साखर घेतली, तीही आपण विसळायला टाकतो. पाहुण्याने तोंड न लावता वरून पाणी प्यायले तरी पेला मोरीत जातो. देवाचे ताम्हन आणि पळी सणावाराला चिंच लावून लखलखीत होतात, पिण्याच्या पाण्याचे पिंप दोन दिवसांआड पालथे पडते आणि फ्रिजमधल्या बाटल्या 'कालच्या आहेत' एवढ्याच गुन्ह्यावरून कुंड्यांत रिकाम्या होतात. आणि याच घरात, बाथरूमच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या हातभर वर, पंचवीस लिटरचे एक भांडे टांगलेले असते. ते बसवल्या दिवसापासून आजतागायत कोणी आतून विसळलेले नसते. घरातल्या सगळ्यांना रोज आंघोळ घालणारा हा एकच सभासद असा, की ज्याची स्वतःची आंघोळ गृहप्रवेशापासून राहिली आहे. मी गिझरबद्दल बोलतो आहे.

माझे म्हणणे साधे आहे. गिझर हे आधी भांडे आहे आणि मग यंत्र. भांडे म्हटले की ते अधूनमधून रिकामे करून, तळ विसळून, पुन्हा भरले पाहिजे. यात क्रांतिकारक असे काहीही नाही. तरीसुद्धा हे वाक्य चारचौघांत उच्चारले की ऐकणारे आधी एकमेकांकडे आणि मग घड्याळाकडे पाहतात. आमच्या सोसायटीत माझी ओळखच तशी होऊन बसली आहे. नव्या कुरिअरवाल्याला वॉचमन माझे घर 'चौथा मजला, ते गिझर धुणारे काका' असे सांगतो. छत्तीस वर्षे इमानाने नोकरी केली, दोन मुलांची लग्ने केली, गणेशोत्सवाचे हिशेब पैशापैशापर्यंत जुळवून दिले, पण इतिहासात नोंद होणार ती ही. होऊ दे बापडी.

आमच्या लहानपणी घरात बंब होता. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : तांब्याचे उभे पिंप, मधोमध आरपार गेलेले नळकांडे, त्यात खाली जाळी, जाळीवर कोळसे, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या, जुन्या खुर्चीचा पाय, असे हाती लागेल ते सरपण. वरून गार पाणी ओतायचे, खालच्या तोटीतून कढत काढायचे. हा बंब दर रविवारी घासला जाई. चिंच, मीठ आणि त्याचीच राख. घासण्याचे काम आम्हा भावंडांत पाळीने येई आणि पाळी चुकवण्यासाठी आम्ही जितकी बुद्धी खर्च केली तितकी अभ्यासाला लावली असती तर आज मी हा लेख लिहीत नसतो. पण बाहेरून घासून सुटका नसे. आजी म्हणायची, "तळ कोण बघणार?" मग तोटी उघडून उरलेले पाणी काढायचे, बंब तिरका करायचा आणि आत हात घालून तळाची ती पांढरी, चरचरीत खर खरवडून काढायची. दिवाळीच्या आधी तर बंबाचा थाट विचारू नका. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी घासूनपुसून, ताजे पाणी भरून, त्याला हळदकुंकू लागे. कोकणात आणि गोव्यात पाणी तापवण्याच्या भाणाला कारिटांचा वेल गुंडाळायची रीत आहे. पाणी तापवणाऱ्या भांड्याची वर्षातून एकदा पूजा करणारे लोक आपण! मग तेच भांडे भिंतीवर चढून विजेवर चालू लागले तेव्हा आपले हात आखडले कशाने?

मला विचाराल तर पांढऱ्या रंगाने. बंब काळा पडायचा, म्हणून डोळ्यांत खुपायचा. गिझर बाहेरून दुधासारखा पांढरा, गुळगुळीत, वर एक लाल दिवा. पांढरे कपडे घातलेल्या माणसाच्या चारित्र्याबद्दल आपण जसे उगाच निर्धास्त असतो, तसेच गिझरच्या पोटाबद्दलही असतो.

खरे तर नावातच इशारा आहे. गिझर हा शब्द आइसलँडमधल्या एका उकळत्या झऱ्याच्या नावावरून आला. तिथे 'गेसिर' म्हणतात, म्हणजे उसळून येणारा. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवायचा बंब काढला आणि त्याला हे नाव दिले. आता गंमत अशी, की त्या खऱ्याखुऱ्या झऱ्यांच्या तोंडाशीही कढत पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे थरच्या थर बसलेले असतात. म्हणजे निसर्गाचा गिझरसुद्धा खर धरतो. आमच्या बाथरूममधला धरत नाही, असे मानायला आम्ही कोण लागून गेलो?

तर आत होते काय? महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या दगडावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. त्या दगडाच्या भेगांतून पाझरत पाणी बोअरमध्ये येते तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट सोबत घेऊन येते. गार असेपर्यंत ही मंडळी पाण्यात विरघळून गुण्यागोविंदाने राहतात. पाणी तापले की त्यांचे बिनसते. कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि मागे न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट राहतो. साखर, मीठ, तुरटी, कोणीही घ्या, पाणी तापवले की जास्त विरघळतात. हा पदार्थ मात्र उलट्या खोपडीचा. पाणी जितके तापेल तितका तो बाहेर येऊन बसणार, आणि बसणार तोही नेमका जिथे सर्वांत जास्त ऊब आहे तिथे, म्हणजे कॉइलवर. थंडीत पाहुणा शेगडीजवळची जागा धरतो तसा. तिथून खपल्या सुटल्या की तळाशी गाळ. आपल्या भाषेत 'चुना लावणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. गिझर तो रोज सकाळी अक्षरशः लावत असतो, फक्त स्वतःला.

किती साठतो, हा प्रश्न मला नेहमी छद्मीपणाने विचारला जातो. त्याचे उत्तर बोटांवर मोजून देतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आपण मधले ३०० धरू. घरात दिवसाला शंभर लिटर गरम पाणी लागते असे समजा. म्हणजे तीस ग्रॅम क्षार रोज गिझरमधून जा-ये करतात. त्यातला दहावाच हिस्सा मुक्कामाला राहिला असे धरले तरी दिवसाला तीन ग्रॅम, वर्षाला किलोभर. पाच वर्षांनी त्या पंचवीस लिटरच्या भांड्यात पाच किलो चुनखडी असेल, आणि आपण मात्र 'हल्ली पाणी लवकर संपतं' म्हणून आंघोळीला वेळ लावणाऱ्या मुलावर ओरडत असू.

"आमचं पाणी धरणाचं आहे हो," असे पुण्याच्या जुन्या पेठांतले लोक मला ऐकवतात. कबूल. खडकवासल्याचे पाणी मऊ आहे, त्यांचे गिझर दीर्घायुषी होवोत. पण शहराच्या वेशीवर ज्या नव्या वसाहती उठल्या आहेत, तिथे नळापेक्षा टँकरची ओळख जास्त. तो टँकर कुठल्या बोअरवरून भरून येतो हे त्याच्या ड्रायव्हरलाही घरून निघताना माहीत नसते. त्या पाण्याने धुतलेली स्टीलची बादली आठ दिवसांत पांढरी पडते. नळाच्या तोंडाला मिशा फुटतात. शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी समोरच्या भिंतीवर जाते. हे सगळे डोळ्यांनी दिसत असताना, याच पाण्याला उकळत ठेवणारे भांडे आतून स्वच्छ असेल असे समजणाऱ्या माणसाच्या श्रद्धेला मी नमस्कार करतो.

आता इथे मी माझ्याच पक्षाच्या काही लोकांचे कान उपटतो. चुनाविरोधी औषधे आणि यंत्रे विकणारे दारात येतात ते 'साहेब, वीजबिल दुप्पट येतं' असे सांगत. साफ खोटे आहे. विजेची कॉइल पाण्याच्या पोटात असते. तिची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? चुन्याच्या थरातून जायला तिला थोडा वेळ लागेल इतकेच. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सव्वा युनिटच्या आतबाहेर वीज लागते. दोन किलोवॉटच्या कॉइलला पस्तीसेक मिनिटे. हा हिशेब चुन्याने फारसा बदलत नाही. बदलते ते कॉइलचे आयुष्य. वर चुन्याची रजई पांघरल्यावर आतली तार प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस जाते, बहुधा पाहुणे आले असतील त्या दिवशी. जाता जाता तिचे कवच फुटले तर वीज सरळ पाण्यात उतरते. मग आपल्या जिवाची राखण करायला उरते ते अर्थिंग आणि बोर्डातला तो तीस मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी, बसवला असेल तर. पाइपवर चिकटवायचे लोहचुंबकही एका विक्रेत्याने मला दाखवले होते. चुना चुंबकाला कसा लागतो, एवढेच मी विचारले. तो म्हणाला, "काका, ते सायन्स आहे." मी दार लावून घेतले.

गाळ साठलेला गिझर बोलू लागतो. तळाच्या थराखाली अडकलेले पाणी उकळते आणि बुडबुडे वरचा गाळ फोडून बाहेर येतात. त्याचा फट्-फट्, खुडबुड असा आवाज येतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका घरात या आवाजावरून उंदीर असल्याचा निष्कर्ष निघाला होता. बाथरूममध्ये तीन दिवस भजी लावलेला पिंजरा होता. भज्यांचे काय झाले कळले नाही, पण गिझरची कॉइल चौथ्या दिवशी गेली.

हे सगळे हसण्यावारी नेता येईल. पण एक गोष्ट नेता येत नाही, आणि खरे तर तिच्यासाठीच मी इतका घसा कोरडा करतो. गिझरला गार पाणी येते त्या बाजूला एक पितळी तुकडा असतो. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. पाणी तापले की फुगते. पंचवीस लिटरचे साठ अंशांपर्यंत नेले तर पाव लिटरहून अधिक वाढते. त्याला मागे जायची वाट नसेल तर दाब वाढतो आणि मग हा व्हॉल्व्ह चार थेंब गाळून तो दाब उतरवतो. म्हणजे पाणी तापताना तो ठिबकतो, हे त्याचे कर्तव्य आहे. पण आपल्याला नळ ठिबकलेला खपत नाही. संस्कार! ठिबकताना दिसला की आपण प्लंबरला बोलावतो आणि तो भला माणूस त्या ठिबकणाऱ्या तोंडाला पांढरी टेप गुंडाळून बूच मारून देतो. 'आता थेंब पडला तर मला सांगा.' पैसे घेऊन जातो. घर खूश. आणि जिथे प्लंबर बूच मारत नाही, तिथे चुना मारतो. वर्षानुवर्षे हात न लावलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग खरीने जाम होते. थर्मोस्टॅट ज्या नळीत बसतो, तिच्यावरही हाच थर. म्हणजे पाणी किती तापले हे त्याला उशिरा कळणार. त्याच्यानंतरचा पहारेकरी कटआउट. तिघेही पहारेकरी एकदम झोपले असे क्वचितच होते, मान्य. पण झोपले, तर बंद भांड्यात शंभराच्या वर तापलेले पाणी असते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. ती जागा ती भिंत फोडून घेते. त्या भिंतीखाली त्या वेळी कोण डोक्याला साबण लावून डोळे मिटून उभे असेल, याचा विचार बूच मारून घेणाऱ्याने करावा.

मी हे आमच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांना सांगितले. शिकलेले, निवृत्त, सकाळी प्राणायाम करणारे. त्यांच्या गिझरचा व्हॉल्व्ह बूच मारलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. ते म्हणाले, "अहो, चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

'चालतंय ना' हे आपले खरे राष्ट्रीय तत्त्वज्ञान आहे. चालते तोवर हात लावायचा नाही आणि बंद पडले की हात लावून उपयोग नाही. म्हणजे एकूण हात लावायचा प्रसंगच येत नाही. अशी सोपी मुक्ती कुठल्या दर्शनात सापडेल? मी त्यांना विचारले, "दात चालतात म्हणून तुम्ही घासत नाही का?" ते म्हणाले, "दात माझे आहेत." याला काय उत्तर देणार? गिझर कोणाचा होता?

दुसरा आक्षेप मेकॅनिक लोकांचा. 'काका, उघडला की गळणार.' यात अर्धे सत्य आहे, म्हणून ते पूर्ण खोट्यापेक्षा घातक. गिझरचे बूड उघडून कॉइल बाहेर काढली तर जुना रबरी वॉशर पुन्हा नीट बसत नाही, हे खरे. त्याला उपाय म्हणजे नवा वॉशर. तो काही सातासमुद्रापलीकडून मागवावा लागत नाही. पण मी सांगतो आहे ते कॉइल काढण्याचे नाही. नुसते पाणी उपसून तळ विसळायला काहीच उघडावे लागत नाही. कॉइल काढायची ती चार-पाच वर्षांनी, आणि काढलीच तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. तिथे फसफस होऊन चुना आपोआप सुटतो. आजीची चिंच तेच काम करायची. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून खपल्या पाडणारे महाभाग आहेत. टाकीला आतून काचेचा मुलामा असतो, त्याला एक टवका गेला की तिथून गंज सुरू.

आणि ते वार्षिक सर्व्हिसिंग! कंपनीचे नाव घेत नाही. दोन वर्षे कराराचे पैसे भरले. मुलगा यायचा, खिशातल्या फडक्याने गिझरचे पोट बाहेरून पुसायचा, बटण दाबायचा, दिवा लागला की कार्डावर सही. "झालं, काका." मी म्हटले, "आतून?" तो इतक्या निरागसपणे हसला की मीच वरमलो. हमीपत्राच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, जड पाण्यामुळे झालेली खराबी हमीत येत नाही असे लिहिले होते. म्हणजे चुना होतो हे कंपनीला माहीत आहे. फक्त तो काढायचा असतो हे आपल्याला सांगायला ती विसरते.

मग मी स्वतःच करू लागलो. आमच्याकडे हा विधी नवरात्रानंतरच्या रविवारी होतो, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला गिझर सोवळ्यात असतो. आदल्या रात्रीपासून गिझर बंद. नुसते बटण नव्हे, बोर्डातला एमसीबी खाली. कारण उलट्या वायरिंगच्या कृपेने बटण बंद असूनही आत वीज जिवंत राहिलेली मी पाहिली आहे. सकाळपर्यंत पाणी निवते. मग गार पाण्याचा कॉक बंद करायचा, बेसिनचा गरम पाण्याचा नळ उघडा टाकायचा (हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, तेलाच्या डब्याला दोन भोके पाडतो तसे), आणि खालचा कॉक उघडून त्याला बागेचा हिरवा पाइप लावायचा. माझ्याकडे कॉक आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी गार पाण्याचा जाळीदार पाइप व्हॉल्व्हसकट प्लंबरकडून सोडवून घ्यावा.

पहिले पाच लिटर अगदी स्वच्छ येतात. या वेळी आमची ही दारात उभी राहून म्हणते, "बघा, उगीच." मग पाणी जरा धुरकट होते, मग पातळ ताकासारखे, आणि शेवटी शेवटी पाइप गुरगुरतो आणि बादलीच्या तळाशी तांबूस-पांढरी वाळू पडू लागते. टाकी रिकामी झाली की खालचा कॉक उघडाच ठेवून गार पाणी क्षणभर जोरात सोडायचे, की तळ ढवळून निघतो. असे तीन-चार वेळा. गेल्या वर्षी जी खर निघाली ती मी वाळवून वजन केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर. त्यावरून जे झाले ते इथे सांगण्याचे कारण नाही. शेवटी खालचा कॉक बंद, पाणी चालू, आणि बेसिनच्या नळाला हवेचे फुरफुरणे थांबून अखंड धार येईपर्यंत एमसीबीला हात लावायचा नाही. रिकाम्या टाकीत कॉइल पेटली तर एका मिनिटात ती कायमची विझते. सगळ्याला पाऊण तास. एवढ्या वेळात आपण टीव्हीवर दोन पक्षांची भांडणे ऐकतो आणि त्यातून निघणारा गाळ काही वजन करता येत नाही.

टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा टांगलेला असतो, त्याचेही दोन शब्द. पाण्याने टाकीचे लोखंड खाऊ नये म्हणून त्याने आधी स्वतःला खाऊ घालायचे, हे त्याचे काम. ही युक्ती सर हंफ्री डेव्ही यांची. १८२४ साली त्यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून तांबे वाचवले. तांबे वाचले, पण विरघळेनासे झाल्यामुळे त्यावर शिंपले आणि शेवाळ इतके माजले, की जहाजेच रखडू लागली आणि आरमाराने नाद सोडला. जहाजाच्या बुडाशी काय साठले आहे हे निदान त्यांनी पाहिले तरी. गिझरमधला दांडा दोन-तीन वर्षांत झिजून तारेवर येतो. बदलायला किरकोळ खर्च येतो आणि टाकीचे आयुष्य त्यावर ठरते. 'टाकीच गळायला लागली हो, हल्लीच्या वस्तूच अशा' म्हणणाऱ्या किती जणांना असा दांडा आहे हे माहीत होते? मी विचारत असतो. अजून एकही भेटलेला नाही.

आता कोणी म्हणेल, मग गिझर कोमटच ठेवतो, चुना कमी. कमी होईल, पण कोमट गाळात दुसरेच पाहुणे वस्तीला येतात. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ पसरली आणि तिच्या तपासातून लिजिओनेला नावाचा जंतू सापडला. त्याला कोमट, साचलेले, गाळाचे पाणी मानवते. साठ अंशांवर तो तग धरत नाही. तेव्हा पाणी नीट तापवावे, बादलीत गार घालून घ्यावे आणि गाळ काढावा.

माझा खरा राग मात्र घरे बांधणाऱ्यांवर आहे. बाथरूममध्ये इटालियन फरशी, बेसिन असे, की हात धुवावेत का नमस्कार करावा कळत नाही, आणि गिझर? तो दिसता कामा नये, म्हणून फॉल्स सीलिंगच्या वर कोंबलेला. खाली हातभर झडप. तिच्यातून फक्त मांजर जाईल. दुरुस्तीला आलेला पोरगा कमोडवर एक पाय आणि खिडकीच्या कट्ट्यावर दुसरा अशा नटराजासनात, ओल्या हातांनी, अंधारात चाचपडतो. पडला तर त्याचा पाय मोडणार, बिल्डरचा नव्हे. आमच्या भाच्याच्या नव्या घरात तर फोनवरून चालू होणारा गिझर आहे. ऑफिसातून निघताना तो फोनवर पाण्याचे तापमान पाहतो. मी विचारले, "पाणी काढायचं कुठून?" त्याने फोनमध्ये बराच वेळ शोधले.

काय लागते? टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये एक टी, तिच्या खालच्या तोंडाला अर्ध्या इंचाचा एक कॉक, आणि गिझरखाली माणसाला सरळ उभे राहता येईल एवढी जागा. इटालियन फरशीच्या दोन तुकड्यांत होईल. ही मागणी मी सोसायटीच्या वार्षिक सभेत लेखी दिली होती. सर्व सभासदांनी आपापल्या गिझरचे व्हॉल्व्ह तपासून घ्यावेत आणि बूच असल्यास काढावे, असा ठराव. चेअरमननी तो 'ऐनवेळचे विषय' यांत टाकला. ऐनवेळी चहा आला. चहाच्या पाण्याबद्दल मात्र बरीच चर्चा झाली, कारण त्यावर टँकरच्या पाण्याची पांढरट साय होती.

परवा सकाळी त्याच प्राणायामवाल्या गृहस्थांनी बेल वाजवली. दारातच उभे राहून, आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा तो हिरवा पाइप मिळेल का जरा? कुंड्यांना पाणी घालायचंय." त्यांच्याकडे कुंडी एकच आहे, तुळशीची. मी पाइप दिला. "बरोबर मीही येऊ का?" म्हणून विचारले, तर "नको, नको" म्हणाले. तेव्हा मी पान्हाही दिला, आणि एमसीबी आधी खाली करा, एवढे सांगून दार लावून घेतले.